कासुबाच्या आईची झोप

लुआन्श्या शहराच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या कासुबाच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. घरात मात्र तिची आई, एनेली, तिलाच मोलकरीण समजायची. म्हातारीला विसरायला होऊ लागलं होतं. दिवसभर खुर्चीत पेंगायची आणि अंधार पडला की दार खडखडवायची, "गावी जायचंय, भुईमूग काढायचाय." कासुबाच्या डोळ्याला डोळा लागेना.

सल्ले द्यायला सगळे होते, जागायला कुणी नाही. शेजारच्या चोलामावशीने गल्लीभर पसरवलं की रात्री भटकणारी म्हातारी चेटकीणच असणार. कासुबा तिच्या दारात जाऊन उभी राहिली. "मावशे, माझ्या आईला स्वतःची चप्पल सापडत नाही. ती तुझ्यावर करणी कधी करणार गं?"

मग राजधानी लुसाकाहून तिचा भाऊ फेलिक्स आला. अंगात कडक सूट, सोबत पाद्री. आईजवळ बसायला साहेबांना सवड नव्हती, सैतान हाकलायला होती. रोज संध्याकाळी भोंगा लावून पाद्री सैतानावर ओरडे. एनेलीला वाटे लग्नघर आहे. ती टाळ्या पिटत उत्तररात्रीपर्यंत नाचे. जाताना फेलिक्सने कुणा मित्राकडून आणलेल्या झोपेच्या गोळ्या बहिणीच्या हातावर ठेवल्या. थकलेल्या कासुबाने एक दिलीही. सकाळी म्हातारी झिंगत अंगणात आपटली, कपाळाला खोक पडली.

दवाखान्यात टाके घालताना नर्स म्हणाली, "ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नको. दिवसा फार झोपू देऊ नका. सकाळी उन्हात बसवा, हाताला काम द्या, दुपारनंतर चहा बंद. रात्री उठल्या तर वाद घालू नका."

"उन्हात? माझी आई काय वाळत घातलेली मासळी आहे?" कासुबा फणकारली. पण दुसरा उपायही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून एनेली दुकानावर बसू लागली, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची टोपली घेऊन. शेंगा सोलता सोलता गिऱ्हाइकांना दटावायची, "घ्यायचं तर घे, नाहीतर सावली सोड!" संध्याकाळी लवकर मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा आणि पालेभाजी, संडासाच्या वाटेवर मिणमिणता दिवा. गावी जायचं म्हणाली की कासुबा म्हणे, "हो, उजाडू दे, जाऊ." आधी काही फरक पडेना आणि कासुबा नर्सला मनसोक्त शिव्या घाली. मग हळूहळू म्हातारी झोपू लागली. रोज नाही, पण बऱ्याच रात्री.

हे फेलिक्सच्या कानावर गेलं आणि तो पुन्हा अवतरला. रविवारी चर्चमध्ये उभा राहून गहिवरला, "माझ्या प्रार्थनेमुळे आईला झोप मिळाली!"

कासुबा ताडकन उठली. "चहाची किटली तुझ्या प्रार्थनेने उचलून ठेवली काय रे? आईला शेवटचं कधी आंघोळ घातलीस, तेही सांग सगळ्यांना!"

एनेलीने तिची बाही ओढली. "ओरडू नकोस गं. माणूस बरा दिसतो. कोणाचा कोण? लग्न झालंय का त्याचं?"

सगळं चर्च हसलं. फेलिक्स घाम पुसत खाली बसला.

परतताना एनेलीने विचारलं, "पोरी, तुला आई आहे का?"

कासुबा म्हणाली, "आहे. तिला एक मुलगाही आहे, अगदीच बिनकामाचा."

"अरेरे, बिचारी," म्हातारी म्हणाली आणि तिने कासुबाचा हात घट्ट धरला.