पहिला थर वरचा

नववीनंतर शाळा सुटली माझी. सावंतवाडीकडून मुंबईत आले ती धुणीभांडी करायच्या तयारीनेच. अंधेरीच्या गाळ्यातल्या सरांनी दाखला न मागता कॉम्प्युटरसमोर बसवलं, टायपिंग शिकवलं. ते उपकार मी आजही मानते. म्हणून तर पुढे एका गिऱ्हाईक मॅडमसमोर सरांना खोटं पाडलं नाही.

सरांचा धंदा बिल्डरांना सॉफ्टवेअर बनवून द्यायचा. कुठल्या मजल्यावर कुठला फ्लॅट, विकला की नाही, असलं. त्यात उत्खनन करणाऱ्या एका मॅडमचं काम आलं. जमीन खणताना कुठल्या थरात काय सापडलं, त्याची नोंद ठेवायची होती. सरांनी बिल्डरचंच सॉफ्टवेअर घेतलं, मजल्याच्या जागी थर लिहिलं, झालं. खापरांच्या पिशव्यांना मॅडमच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांवरचे थरांचे आकडे, एक ते नऊ, मी भरले.

मॅडम बघायला आल्या नि भडकल्याच. "हे काय? प्लास्टिकचं झाकण सगळ्यात खाली आणि सगळ्यात जुनी खापरं वर?"

खणणारे वरून मोजतात. पहिला थर म्हणजे वरचा, हल्लीचा. सरांचं सॉफ्टवेअर मात्र बिल्डिंगसारखं पहिला खाली रचत होतं.

"आमच्या मुलीने उलटं भरलं," सर म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"शिकलीय किती ही?"

"नववी."

"मग बरोबर आहे." मॅडमनी पर्स उचलली. "सोमवारी येते. तोवर हे नीट पाहिजे."

त्या गेल्यावर सर म्हणाले, "तोंड कशाला पाडतेस? ठेवलंय ना तुला? सगळे आकडे उलटे करून टाक. नऊचा एक, एकचा नऊ. चित्र सरळ दिसेल, विषय संपला."

पिशवीवर एक, स्क्रीनवर नऊ. मॅडम एखादी पिशवी उघडणार, परत बोंब होणार, आणि सर परत माझ्याकडेच बोट दाखवणार. तेव्हा मात्र ठेवणार नाहीत.

"सर, मी नाही बदलणार."

"काय?"

"पिशव्यांशी जुळणार नाही. वाट माझीच लागेल."

"अगं, तुला दारात कोण उभं करत होतं? विसरलीस? जास्त शहाणी झालीस तर जा गावी, भाकऱ्या भाज!"

"विसरले नाही सर. पण बदलणार नाही."

खुर्चीतून उठले नाही. एकदा उठले असते तर परत कोणी बसवलं असतं?

सरांनी शिवी हासडली, माझ्यासकट खुर्ची लाथेने बाजूला ढकलली आणि दुसरी ओढून स्वतः बसले. चहा गार व्हायच्या आत सॉफ्टवेअरमधलाच क्रम फिरवला; आकडे तेच राहिले आणि थर वरून खाली लागले. एवढंच काम होतं ते!

सोमवारी मॅडमना म्हणाले, "मुलीची चूक सुधारून घेतली."

मॅडमनी मान डोलावली. मी मागे पिशव्या रचत होते.

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची संडासाच्या दाराशी सरकवलेली होती. फडक्याने पुसली आणि बसले. खुर्ची होती.