जाकीट काढा

"आधी जाकीट काढा." कोणी दुनळी बंदूक घेऊन दुकानात आलं की मिस्तरी नमस्काराआधी हे सांगत.

केजला त्यांचं बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं, माझ्या वार्ताहर कार्यालयासमोर. नेमबाजीच्या बंदुकीचे छर्रे खुणेच्या वर-खाली बसू लागले की लोक त्यांच्याकडे येत. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारं लाकूड, ते तासत किंवा त्यावर चामड्याची पट्टी चढवत. "नळीला काय झालेलं नसतंय," ते म्हणत. "गाल कुठं टेकतो ते बघा."

चाचणीसाठी मैदानावर फळीला आमचाच पेपर लावत. पहिलं पान कधीच नाही. "माणसाच्या फोटोवर नेम धरायचा न्हाई. बाजारभावाचं पान द्या."

एकदा स्पर्धेच्या आठवडाभर आधी एक पुढारी कार्यकर्त्यांसह मैदानावर आले. दोन्ही नळ्यांचे छर्रे वीतभर खाली बसले.

"दस्ता लांब हाय. दोन बोटं काप," पुढारी म्हणाले.

"दस्ता बरुबर हाय साहेब. जाकिटाची जाडी मधी येतीय. जाकीट काढा."

त्या जाकिटाशिवाय साहेबांना तालुक्यात कोणी पाहिलं नव्हतं.

"मिस्तरी, औंदा परवाना नवा करायचाय ना?" एका कार्यकर्त्याने विचारलं.

"करायचाय की. पर कापलेलं लाकूड वाढत न्हाई. चांगला दस्ता मी कापत न्हाई."

साहेबांनी दस्ता दुसरीकडे कापून घेतला. दोन बोटं जास्तच ठरली: स्पर्धेत सगळे छर्रे वरून गेले, हवेत उडवलेली एकही तबकडी त्यांच्याकडून फुटली नाही. ती बातमी मीच दिली. मिस्तरींचा परवाना नवा झाला नाही. कारण कागदावर आलं नाही.

"जाकिटाचं बोलला नसता तर?" मी त्यांना विचारलं.

"आजवर कुणीच न्हाई बोललं त्याला. म्हणून तर नेम चुकतोय."

शेवटच्या दिवशी त्यांनी लोकांच्या बंदुका परत केल्या, दाराला कुलूप घातलं आणि त्यावर स्वतः रंगवलेली पाटी ठोकली: 'जाकीट काढूनच आत यावे.'

"आता आत येणार कोण?" मी म्हणालो.

"असू द्या," ते म्हणाले आणि चौथा खिळाही ठोकला.

मागच्या वर्षी मिस्तरी गेले. यंदा साहेबांच्या वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी त्याच दारावर फ्लेक्स लावला. हात जोडलेले, अंगात जाकीट. फ्लेक्स थोडा आखूड पडला आहे. खालची पाटी रस्त्यावरून स्पष्ट वाचता येते.