कुलपातलं इंजेक्शन

बेलापूरच्या रेवजीला मधमाशी चावली की घसा सुजून श्वास अडकायचा. डॉक्टरांनी इंजेक्शन कायम जवळ बाळगायला सांगितलं आणि ते टोचायला त्याच्या बायकोला, गोजरबाईला, शिकवलं. तिनं शेळी विकून ते आणलं आणि दागिन्यासारखं पेटीत कुलूप लावून ठेवलं. मी चिडवायचो, "वहिनी, नवरा उघड्यावर आन् सुई कुलपात!"

"भावजी, शेतात काच फुटली तर दुसरी शेळी तुमी देनार व्हय?"

ब्याण्णव साली मोसंबी फुलली, तेव्हा बागेतच रेवजीला माशी चावली. गोजरबाई घरी धावली, पेटी उघडून धावतच परतली. तोवर रेवजी गेला होता. तरी तिनं त्याची बाही वर सारली आणि शिकवल्याप्रमाणे इंजेक्शन दिलं. आम्ही कुणीच तिला अडवलं नाही.