प्रार्थनेचा विषय

आर्णीतलं आमचं चर्च म्हणजे पत्र्याचं छत, सहा पंखे आणि रविवारी धरूनबांधून चाळीस माणसं. बुधवारी दुपारी तिथे बायकांची सभा असते. दोन गाणी होतात, बायबलमधलं एखादं वचन वाचलं जातं आणि मग येतो सगळ्यांच्या आवडीचा भाग, प्रार्थनेचे विषय. पाळकबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, वही उघडतात आणि विचारतात, "कोणाचा काही विषय?" मग एकेक जण सांगू लागते. कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत, कुणाचा जावई दारू सोडत नाही, कुणाच्या मुलाची वणीच्या खाणीतली नोकरी लागता लागता राहिली. आम्ही माना हलवतो, चुकचुकतो, विषय वहीत लिहिला जातो आणि मग डोळे मिटून प्रार्थना होते.

बाकीच्या बायका ज्या गोष्टी नळावर करतात त्याच तुम्ही डोळे मिटून करता, असं माझा नवरा म्हणतो. पूर्वी मी त्याच्यावर चिडायचे. आता चिडत नाही.

मी घरी शिवणकाम करते. विश्वासाने जगणं म्हणजे काय, असं कुणी मला विचारलं तर मला मोठं काही सांगता येणार नाही. उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत करायचं. 'उद्या नक्की देते' म्हणायचं नाही, कारण उद्या होणार नाही हे मला ठाऊक असतं. जेवणाआधी प्रार्थना करायची, मग भाजी खारट झालेली असली तरी. यातलं निम्मं मला जमतं. उरलेल्या निम्म्यासाठी रोज सकाळी क्षमा मागते, आणि देवही आता कंटाळला असेल असं मला कधीकधी वाटतं.

पण ही गोष्ट माझ्या शेजारणीची आहे. ती बंजारा. मुलींच्या शाळेसाठी वीस वर्षांपूर्वी तांड्यावरून आर्णीत राहायला आली. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये खांद्याएवढी भिंत आहे आणि आमचं सगळं बोलणं त्या भिंतीवरूनच चालतं. नाताळात माझ्या करंज्या पलीकडे जातात, होळीला तिच्या पुरणपोळ्या अलीकडे येतात. ती चर्चला येत नाही, मीही आग्रह केला नाही. एकदाच चल म्हटलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "तू रोज भिंतीवर येते, तेवढं बस हाय."

गेल्या हिवाळ्यात, तूर कापणीला आली होती तेव्हा, एका सकाळी तिने मला भिंतीशी बोलावलं. इकडेतिकडे पाहिलं आणि सांगितलं की तिच्या छातीत गाठ लागते आहे. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दाखवून आली होती. सुईची तपासणी करायची होती आणि त्यासाठी पुढच्या मंगळवारी बोलावलं होतं. घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्याची मोठी बहीण अशाच गाठीने गेली होती.

"त्याले कळलं तं तो हातपाय गाळून बसन," ती म्हणाली. "रिपोर्ट आला का मीच सांगीन त्याले. पोरीच्या लग्नाचे ब्लाऊज शिवाचे हाये, कापड पाहाले जातो म्हनून घरी सांगीन, तू माह्यासंगं चाल. तुह्या येशूले सांगाचं असंल तं सांग, पन मानसायले सांगू नोको वो."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "नाही सांगत." अगदी मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता.

पाळकबाईंनी वही उघडली. माझा विषय मनात ठसठसत होता. एकटीने किती प्रार्थना करणार, दहा जणींनी केली तर जास्त बळ मिळेल, असं मी स्वतःला पटवलं. नाव घ्यायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं ठरवलं. आणि नाव न घेण्याची मी इतकी काळजी घेतली की बाकी सगळं सांगून मोकळी झाले. माझ्या गल्लीतली, दोन मुलींची आई, थोरलीचं लग्न ठरलेलं, दारात शेळ्या, गाठ कुठे आहे, तपासणी कधी आहे. दहा जणी एकाच वेळी "अरे देवा" म्हणाल्या. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. पाळकबाईंनी शेवटची प्रार्थना मलाच करायला लावली. मी छान केली. दोघी रडल्या.

गुरुवारी दुपारी चर्चच्या चार बायका माझ्या शेजारणीच्या दारात उभ्या राहिल्या. डझनभर केळी, ग्लुकोजची बिस्किटं आणि आजाऱ्याच्या कपाळाला लावायच्या अभिषेकाच्या तेलाची छोटी बाटली. त्यांचं प्रेम खरं होतं, हे मी आजही सांगेन. पत्ता विचारायचीही त्यांना गरज पडली नाही, शेळ्या बघितल्या आणि आत गेल्या. शेजारीण मागे धुणं धूत होती. तिचा नवरा शेतातून जेवायला आलेला. खाटेवर सासू. चौघींतल्या एकीने त्या नवऱ्यालाच विचारलं, "भाऊ, गाठवाली बाई हेच घर ना? आम्ही प्रार्थना कराले आलो."

मी शिलाई मशीनवर होते. भिंतीपलीकडे आवाज वाढला, मग एकदम काहीच ऐकू येईना. चौघी केळी तशीच घेऊन परत निघाल्या तेव्हा मी खिडकीतून मागे सरले. तिचा नवरा शेळ्यांच्या गोठ्यामागे जाऊन बसला होता, तो अंधार पडेपर्यंत उठला नाही.

संध्याकाळी ती भिंतीशी आली. ओरडली असती तर मी सोसलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तूच सांगतलं. त्याले परक्या बायाइच्या तोंडून ऐका लागलं. आता घरात निस्ता मातम हाय. तो म्हंते नागपूरले चाल, सासू म्हंते देवीले चाल. मी कुठीच जात नाही. मंगळवारी बी जात नाही. तुह्यासंगं तं नाहीच नाही."

आणि ती गेली.

त्यानंतरच्या दिवसांत मी जेवढी धार्मिक होते तेवढी आयुष्यात कधी नव्हते. शुक्रवारी उपास केला. शनिवारी पहाटे उठून गुडघे टेकले आणि देवाकडे अर्धा तास क्षमा मागितली. त्याने ती दिलीही असेल. पण भिंतीपलीकडे जायचं म्हटलं की मी पुन्हा मशीनवर जाऊन बसायचे. देवासमोर रडणं सोपं आहे, तो उलटून "काहून सांगतलं?" म्हणत नाही. इकडे मंगळवार जवळ येत होता. माझ्या तोंडामुळे तिची तपासणी राहिली आणि त्या गाठीत काही वाईट असलं, तर? हा प्रश्न मशीनच्या प्रत्येक टाक्यासोबत डोक्यात चालायचा. मी त्या दिवसांत तीन बाह्या उलट्या लावल्या.

रविवारी प्रभुभोजन होतं. मनात कुणाविषयी काही असेल तर आधी ते मिटवा, असं पाळकसाहेब दर वेळी सांगतात आणि दर वेळी आम्ही खाली बघतो. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं. मी ते न घेता पुढे दिलं. मग द्राक्षरसाचे छोटे प्याले आले, तेही पुढे दिले. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. शेजारी बसलेल्या बाईचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. बाहेर चपला घालताना दोघींनी माझा हात दाबला आणि कानाशी सांगितलं, "तुमच्यासाठी आम्ही प्रार्थना करू, हं." म्हणजे आता मीच विषय झाले होते. घरी येईपर्यंत रागाने माझे कान तापले होते, आणि शेजारणीला कसं वाटलं असेल ते मला तेव्हा नीट कळलं.

माझ्या नवऱ्याने दिवसभर माझं थोबाड पाहिलं. सोमवारी संध्याकाळी तो म्हणाला, "देवासंगं बोलून झालं असंल तं आता शेजारी जा." लोकांना मी आजवर सांगत आले की तिसऱ्याच दिवशी माफी मागायला गेले. ते खरं नाही. पाचव्या दिवशी गेले, आणि तेही ढकलल्यावर.

भिंतीवरून नाही, रस्त्याने फिरून पुढच्या दाराने गेले. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. सासू खाटेवरून म्हणाली, "बेस." मी बसले आणि तोंड उघडलं तर चर्चमधलीच भाषा बाहेर आली. "प्रभूने माझ्या अंतःकरणात दाखवून दिलं की..."

"देवाले मधात आनू नोको," ती तव्याकडे बघत म्हणाली. "तुले काय म्हनाचं ते तू म्हन."

मी म्हटलं, "मी चुकली. तू सांगू नोको म्हटलं होतं, मी सांगतलं."

"काहून?"

प्रार्थनेसाठी, असं सांगणार होते. ते अर्धं खरंही होतं. पण तिच्यासमोर ते अर्धं पुरेना. "मले एकटीले ते सांभाळनं झालं नाही," मी म्हटलं. "अन् खरं सांगू? सांगत होती तं साऱ्या जनी माह्याकडेच पाहत होत्या. ते मले बरं वाटलं."

हे मी देवालाही तोवर सांगितलं नव्हतं. तिने भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. दुसरी थापायला घेतली. मला वाटलं, आता उठावं. दारात तिचा नवरा येऊन उभा राहिला होता, त्याने सगळं ऐकलं असावं.

दुसरी भाकरी तव्यावर पडल्यावर ती म्हणाली, "उद्या यवतमाळची पयली गाडी किती वाजता हाय?"

"साडेसहा," मी म्हटलं. मी पदराने डोळे पुसले.

"हा बी येते म्हंते. आपन तिघं जाऊ. अन् रडू नोको, पिठात पानी पडन."

मंगळवारी तिघं गेलो. सुई टोचताना तिने नवऱ्याचा हात धरला होता, मी बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसले. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. त्या दिवशी ती दोघंच मोटारसायकलने गेली. मी घरी मशीनवर बसून होते. दुपारी गाडीचा आवाज आला, गेट वाजलं, दार लागलं. मला उठून भिंतीशी धावायचं होतं. मी मशीनची फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. पलीकडून सासूच्या रडण्याचा आवाज आला. तरी उठले नाही. मग भिंतीवरून हाक आली.

"ये वो! साधी हाय गाठ. चरबीची. काहीच नाही निंघालं."

मी धावले ते पायात चपला नसताना. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही एकमेकींचे दंड धरून उभ्या राहिलो. ती हसत होती, मी रडत होते, मागे सासू देवीचं नाव घेत होती आणि मी येशूचं. छातीवरून कुणी जातं उचलून घेतल्यासारखं हलकं वाटत होतं. "आता सांग तुह्या बायाइले," ती म्हणाली. "माह्या नावानिशी सांग. केळं घिऊन या म्हना, आता खाऊ."

बुधवारी मी सभेत सांगितलं, नावानिशी. टाळ्या वाजल्या, गाणं झालं. एक जण म्हणाली, "पाहा बरं, देवाची योजनाच होती. तुम्ही सांगितलं म्हणून नवऱ्याला कळलं आणि तो सोबत गेला." क्षणभर मलाही ते फार आवडलं. मग मी म्हटलं, "नाही, तो भाग देवाच्या अंगावर टाकू नका. ती माझी चूक होती. तिने मला माफ केलं, एवढंच." पाळकबाईंनी मान हलवली आणि आम्ही उपकारस्तुती केली. पुढच्या प्रभुभोजनाला मी भाकर घेतली.

त्या बुधवारी सभा संपताना पाळकबाईंनी वही मिटता मिटता मला विचारलं, "शेजारणीसाठी आणखी काही विषय आहे का?"

एक होता. आदल्याच संध्याकाळी तिने मला भिंतीशी बोलावून, इकडेतिकडे पाहून, दुसरी एक गोष्ट सांगितली होती. मी म्हटलं, "काही नाही." आणि ही सगळी हकिकत तिला विचारून लिहिली असली, तरी ती गोष्ट मी इथेही लिहिणार नाही.