एक जाड पिवळी रेघ

"आधी डोळ्यांना वेळ द्या," असं म्हणत मॅडम डार्करूमचा काळा पडदा ओढून घ्यायच्या आणि आम्हाला नुसतं अंधारात बसवून ठेवायच्या. हात मांडीवर. स्पेक्ट्रोमीटरला बोट लावायचं नाही. सोडियमचा दिवा आधी गुलाबी पेटतो, मग सावकाश पिवळा होतो. तेवढा वेळ मॅडमही स्टुलावर बसून असायच्या, जणू दुसरं काही कामच नाही.

तुम्हीही पाहिले असतील असे शिक्षक, ज्यांना घाई म्हणून माहीत नसते. नव्वदच्या दशकातलं आमचं कॉलेज, टी.वाय.ला फिजिक्स घेणारी पोरं बोटावर मोजण्याइतकी. बाकीच्यांनी शहाणपणा करून केमिस्ट्री नाहीतर कॉम्प्युटर गाठला होता. मॅडम आगाशीहून एस.टी.नं यायच्या. सुती साडी, केसात दारचं फूल आणि पर्समध्ये शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. "आपल्या खाऱ्या हवेत लोखंड जगवायचं तर तेल लागतं, बाई." कपाटाची कडी अडकली, कुणाची छत्री उघडेना, की कुपी बाहेर. प्रिन्सिपॉलांच्या केबिनचं कुरकुरणारं दारसुद्धा त्यांनी कुणाला न विचारता गप्प केलं होतं.

अंधारात बसलं की माणसं बोलतात. कुणी घरचं सांगे, कुणी प्रेमाबिमाचं. मॅडम फक्त "हं" म्हणायच्या. पडदा उघडला की त्यातलं काहीच त्यांना आठवत नसे, निदान तसं त्या दाखवत तरी.

मी अर्नाळ्याची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. एस.वाय.ला एका पेपरात नापास होऊन केटी लागली, तेव्हापासून आई मागे लागली होती, "मासली विकून पन घर चालतं आपलं. कशाला डोकं फोडून घेतेस?" खरं तर मलाही ते पटत चाललं होतं. आपल्याला फिजिक्सचं डोकंच नाही, असं मनानं घेतलं होतं.

त्या दिवशी ग्रेटिंगचा, म्हणजे बारीक रेघा आखलेल्या काचेतून उजेड फोडून बघायचा, प्रयोग होता. सोडियमच्या उजेडात अगदी चिकटून दोन पिवळ्या रेघा असतात. दुर्बिणीतून त्या वेगळ्या दिसतात, असं पुस्तक सांगतं. यंत्र एकच, म्हणून पाळीपाळीनं बघायचं. सगळ्यांनी पटापट दोन्ही रेघांची रीडिंग लिहिली. मी पाहिलं, परत पाहिलं, डोळा चोळून पाहिलं. मला एकच रेघ.

बाकीचे चहाला गेले. मी तिथेच बसून राहिले. मॅडम शेजारी येऊन बसल्या.

"काय गं?"

"मॅडम, मी सोडते. सगळ्यांना दोन दिसतात, मला एकच दिसते. उद्यापासून नाही येत."

मला वाटलं, समजूत घालतील. त्यांनी विचारलं, "एक म्हणजे कशी? दिसतं ते सांग."

"जाड. कडा पुसट."

मॅडम उठल्या. चष्मा कपाळावर सरकवून दुर्बिणीला डोळा लावला. मग चाचपत पुढच्या फटीशी गेल्या. ज्या फटीतून उजेड आत येतो, ती जितकी बारीक, तितकी रेघ बारीक. तिचा स्क्रू गंजून बसला होता आणि फट सताड उघडी होती. त्या यंत्रातून दोन रेघा दिसणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

त्यांनी सगळ्यांना बोलावलं. मी म्हटलं, आता यांची चंपी होणार. पण मॅडम म्हणाल्या, "गेल्या वर्षीच्या मुलांनीही दोन रेघा लिहिल्या आणि मी सह्या केल्या. उत्तर बरोबर येत होतं ना, मग मी कशाला बघते? पुस्तकात वाचलेलं मलाही दिसायला लागलं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिनं दिसलं ते सांगितलं. फिजिक्स म्हणजे आणखी काय असतं?"

मॅडमनी कुपी काढली. तेल मुरेपर्यंत परत अंधार, परत हात मांडीवर. स्क्रू हलला, जाड रेघ बारीक होत गेली आणि मधोमध दुभंगली. मी रडले. सरळ सांगते, आनंदानं रडले.

केटी सुटली. पुढे बी.एड. झालं, शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आई आता बाजारात सांगते, "आमची मास्तरीन हाय." हे सगळं मॅडमचं देणं आहे. ते मी त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नाही, पण आगाशीला जात राहिले.

रिटायर झाल्यावर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हाही गेले होते. देवापुढच्या दिव्याकडे पाहत म्हणाल्या, "वाती दोन दिसतात गं मला."

"मॅडम, एकच आहे."

"असेल. डॉक्टर पण म्हणाला, आता नीट दिसायला हवं. मी म्हटलं, मला दिसतं ते मी सांगते, पुढचं तू बघ."

दोघीही खूप हसलो.

त्यानंतर गेले ती त्या गेल्याचं कळल्यावर. बाहेरच्या खोलीत फोटो होता, हार होता, पुढे दिवा. कुणीतरी पाणी दिलं. मी हात मांडीवर ठेवून बसले, डोळ्यांना वेळ दिला. वात एकच होती, मला माहीत आहे. पण किती तरी वेळ मला दोन दिसत होत्या.