आत्याच्या घरचं पनीर

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात शिरताना आधी वास भेटतो. खारा, उग्र, आणि जरा वेळानं सवयीचा होणारा. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात बांबूंच्या मांडवांवर जोडीजोडीनं टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते, आणि त्यांच्याखालून एका परदेशी विद्यापीठाचे विद्यार्थी नाक न मुरडण्याची शिकस्त करीत चालले होते. समुद्रकिनारा आणि त्याच्या काठचा समाज हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. अंधेरीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवणारी मी त्यांची दुभाषी होते. दुभाष्यानं कुणाच्या सुखदुःखात गुंतू नये असं मी मानते, आणि खरं सांगायचं तर ते मला बऱ्यापैकी जमतंही.

त्यांच्यात मानसी नावाची एक मुलगी होती. तिचे वडील याच वाड्यातले. तरुणपणी जहाजावर नोकरीला लागले, परदेशात स्थिरावले आणि गेल्या वर्षी तिथंच वारले. तिला मराठी थोडंफार समजे, बोलता मात्र येत नसे. आत्याच्या दारात उभं राहिल्यावर आपण या घरच्या वाटतो का, एवढंच पाहायला तिनं हा अभ्यासक्रम घेतला होता. बसमध्ये तिनं मला हे सांगितलं, आणि मी नुसती मान डोलावली.

दुपारचं जेवण तिच्या आत्याकडेच ठरलं होतं. हिराबाई बाजारात मासळी विकणाऱ्या. खणखणीत आवाजाच्या, भरगच्च अंबाड्याच्या. पण त्या दिवशी त्यांनी घर असं घासूनपुसून काढलं होतं की मासळीचा मागमूस नव्हता. मानसीला त्यांनी सर्वांत चांगल्या खुर्चीवर बसवलं, सीलबंद पाण्याची बाटली हातात दिली, आणि ताटात वाढलं हॉटेलातून मागवलेलं पनीर!

"फॉरेनची माणसं ती. काटाबिटा लागला म्हणजे?" त्या माझ्या कानात म्हणाल्या.

आदर हीसुद्धा किती सभ्य भिंत असते! परक्याला आपण उत्तमोत्तम देतो, आणि घरच्याला काल उरलेलं कालवण. तरी त्या उरलेल्या कालवणात जे ममत्व असतं, ते पंचपक्वान्नांच्या ताटात कुठून येणार? मानसी पनीर चिवडत बसली होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि हिराबाईंना वाटलं, पोरीला तिखट लागलं. त्यांनी लगबगीनं साखर आणली. मला त्या दोघींचीही कीव आली, आणि अलिप्तपणाचा माझा अभिमान जरा डळमळला.

जेवणं झाल्यावर बाकीचे विद्यार्थी होड्या पाहायला गेले. मानसी गेली नाही. मागच्या पडवीत संध्याकाळच्या जेवणासाठी कोळंबीची पाटी झाकून ठेवली होती; तिनं फडकं बाजूला सारलं, हिराबाईंच्या समोर जमिनीवर फतकल मारली आणि न विचारता सोलायला घेतली. हिराबाई "अगो, अगो, कपडे खराब होतील" म्हणत उठायला गेल्या, पण ती हलेना. मग त्याही सोलू लागल्या. दुभाषी म्हणून मला काही करण्यासारखं उरलं नाही.

एकाएकी हिराबाईंनी तिच्या मनगटावर फटका मारला.

"अगो, डोकी कशाला फेकतेस? सगली चव त्यातच हाय! तुजा बापूस पण अशीच नासाडी करायचा. शंभरदा सांगितला त्याला, ऐकेल तर शपथ!"

त्याचा अर्थ तिला सांगावा म्हणून मी पुढे झाले. मानसीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ओल्या मनगटांनी डोळे पुसत, हसत, तिनं फेकलेली डोकी एकेक करून पुन्हा पाटीत भरली.