तिसऱ्या हाकेला

साखळीला बसस्टँडच्या मागे, वरच्या मजल्यावर, एका वकिलाकडे मी टायपिस्ट होते. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आगेमागची गोष्ट. बाहेर भिंतींवर मराठी की कोंकणी याची भांडणं रंगवलेली, आणि आत आमच्याकडे लोकांचे तेच तेच प्रश्न. एक-चौदाच्या, म्हणजे आमच्याकडच्या सातबाराच्या, उताऱ्यावर माझं नाव आहे, मग जमीन माझीच ना? विकणारा मी, मग बायकोची सही कशाला? साहेब कधी कंटाळले नाहीत. उताऱ्यावरचं नाव म्हणजे मालकी नव्हे, ते सांगत. आणि आपल्याकडच्या कायद्यात बायकोचा अर्धा वाटा असतो, तिची सही नसेल तर खरेदीखत रद्दीत घाला. मला हे इतकं पाठ झालं होतं, की साहेब जेवायला गेले की लोकांना मीच झापायची.

मग एक दिवस माझे बाबाच कागद घेऊन आले.

आमचं गाव पार्से. तिथे काजूची आणि माडांची भाट, म्हणजे बागायत होती, आणि भाटेच्या मधोमध थोरल्या काकांचं घर. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात काकी एकटी. बाबांना भाट विकायची होती, माझ्या भावाला खाणीवर चालवायला ट्रक हवा होता म्हणून. घेणारा बाहेरचा, त्याला भाट मोकळी हवी, म्हणजे घर पाडणार. "काकी येईल की आमच्याकडे, मागच्या खोलीत," बाबा म्हणाले. काकीला अजून काही सांगितलं नव्हतं. ती काय, दाखवू तिथे अंगठा देईल, असं सगळ्यांनी धरलेलंच होतं. मीसुद्धा धरलं होतं, खोटं कशाला बोलू?

साहेबांनी पोर्तुगीज अमदानीतली इस्क्रितूर, म्हणजे जुनं खरेदीखत, जनेलाजवळ उजेडात धरून वाचली आणि मान वर केली. भाट घेणारे दोघे होते, काका आणि त्यांची बायको. पण बायकोचं नाव काकीचं नव्हतं. भलतंच नाव होतं, मी ते इथे लिहीत नाही. साहेबांनी विचारलं, "ही कोण? तुमच्या भावाची अर्धी त्यांच्यामागे तुमच्याकडे आली, पण अर्धी भाट हिची आहे. ही जिवंत असेल तर हिची सही, नसेल तर मेल्याचा पुरावा. त्याशिवाय मी कागद करणार नाही."

बाबांनी ते नाव जन्मात ऐकलं नव्हतं. काकांच्या लग्नात ते चड्डीतले पोर. त्यांनी गावात हळूच चौकशी केली, आणि काय सांगू, आठ दिवसांत त्या बाईला हाडामांसाचं अंग आलं! एक म्हातारी म्हणाली, होती हो, पहिलीच बायको ती, गोरीपान, बाळंतपणात गेली. दुसरा म्हणाला, बाळंतपणात कसली, विहिरीत. तिसऱ्याने तर तिला परवाच संध्याकाळी काजूखाली उभी बघितली होती, हिरव्या लुगड्यात. बाबा भित्रे नव्हेत, पण भाटेतून यायचे सोडून रस्त्याने वळसा घालून यायला लागले.

काकीला मात्र कोणी विचारलं नाही. या वयात तिला काय सांगायचं, की तुझ्या नवऱ्याची तुझ्याआधी एक होती? लाजेकाजेने सगळ्यांची तोंडं शिवलेली.

मी मसुदा टाइप केला, की अमुक नावाची बाई निपुत्रिक मयत आहे. साहेबांना रोज दुपारी टाइप केलेलं मोठ्याने वाचून दाखवायची रीत होती. त्यांनी तो तीनदा बदलला, मी तीन दिवस, रोज एकदा, त्या नावासकट वाचला.

त्या रविवारी घरी गेले तर काकी भाटेत काजू गोळा करत होती. मला बघून म्हणाली, "गो बाय, माका तीन दिस कोणतरी हाक मारता. दुपारी. विहिरीकडसून."

"कोण?"

"ठावक नाय. एकदाच मारता. म्हणान मियां ओ दिली नाय."

एका हाकेला ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. माणूस असेल तर तीनदा हाक मारतं, ते दुसरं असतं ते एकदाच. मी हसले, पण तिला भाटेतून घरात घेऊन गेले. घरी सांगितलं तर बाबांचा चेहराच उतरला. ती पहिली बायको अतृप्त आहे, ठरलं. कागदावर मेली म्हणून लिहिण्याआधी तिचं पान वाढायचं.

भटजी आले. काकीला एवढंच सांगितलं, घरातली पूर्वीची कोणी सवाष्ण आहे, तिच्या नावाने करायचं. काकीने पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला. वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर. तिच्या हाताला चव होती. बाबांनी नाव भटजींच्या कानात सांगितलं, भटजी पुटपुटले, आणि पान खळ्यात, घरापुढच्या अंगणात, नेऊन ठेवलं.

कावळा शिवेना.

माडावर सहासात बसलेले. मान वाकडी करून पान बघायचे, एकही खाली येईना. आवाजसुद्धा नाही त्यांचा. असे गप्प कावळे मी पुन्हा कधी बघितले नाहीत. ऊन डोक्यावर आलं. बाबांनी हात जोडले. "काय राहिलं असेल तर पुरं करतो." काही नाही. "दरवर्षी पान वाढीन." काही नाही. शेवटी त्यांचा आवाज फाटला. "तुझं घर मोडणार नाही! तुझ्या भाटेला हात लावणार नाही!" कावळे तसेच.

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. आणि माझं डोकं फिरलं. भीती वाटली की मला रागच येतो, जन्माची खोड. मी खळ्याच्या मधोमध जाऊन विहिरीकडे तोंड केलं आणि त्या बाईला नावाने हाक मारली. बाबा ओरडले, "गप्प बस गो!" मी दुसऱ्यांदा मारली. "अगो ये ना एकदाची, काय हवं ते सांग!" म्हणत तिसऱ्यांदा मारली.

"ओ!"

पाठीमागून आली. स्वयंपाकघरातून.

काकी पदराला हात पुसत दारात आली. डोळे मोठे झालेले, चेहरा कुठल्या तरी लहान मुलीचा. "ह्या नाव तुका कोणी सांगल्यान गो? माझ्या आयेन ठेवलेला." ती उन्हात पुढे आली. "लग्नात हेंनी तांदळांत आंगठीन दुसरा लिवल्यानी. तेच्यामागसून एकान हाक मारूक नाय. आये गेली, मगे तर नायच."

नवं नाव घरात. जुनं सरकारी लग्नाच्या नोंदीत, आणि तिथून इस्क्रितुरीत. एवढंच होतं हो! आणि आम्ही तिला विहिरीत ढकलून मोकळे झालो होतो. मला रडू फुटलं, रडतच मी तिला सगळं सांगितलं. भाट, घर, मागची खोली, मयत म्हणून टाइप केलेलं सुद्धा.

काकी पानाकडे बघत राहिली. "म्हणजे ह्या पान माझा?"

"वयनी, नको," बाबा म्हणाले. भटजी उठून उभे राहिले.

ती खाली बसली, पान स्वतःकडे ओढलं आणि जेवायला लागली. वडा मोडला, उसळीला लावला. आपण वाढलेलं आपणच, शांतपणे, खिरीच्या शेवटच्या बोटापर्यंत. माडावरचे कावळे एकदम कालवा करत उडाले.

मग तिने बोटं चाटली आणि मान वर केली.

"भावोजी, मघाशी माझ्या घराचा काय कबूल केलात? आतां परत सांगा. आयकतंय."